एकेचाळिसावी नोंद

भुताखेतांच्या गोष्टी मी आयुष्यभर हसून ऐकल्या. आजही त्यांवर विश्वास ठेवायची माझी इच्छा नाही. लोकांच्या अशा अनुभवांचं हे पान वर्षभर वाचते आहे ते एवढंच बघायला, की माझ्यासारखं आणखी कुणाचं झालंय का... नाही झालेलं. माझ्या अनुभवात झाड नाही, पडकी विहीर नाही, कुणी पांढऱ्या साडीतली बाई नाही. एक फाईल आहे, आणि भर दुपारी तिघांनी बघितलेला एक स्क्रीन.

मी ज्योती सूर्यवंशी, लातूरची. ट्यूशन एरियात आमची मेस होती. नीटच्या तयारीला आलेली पोरं आमच्याकडे जेवायची. पप्पा डबे पोचवायचे, स्वयंपाक सगळा आईचा. मी इंजिनिअरिंगला नांदेडला होते. शेवटच्या वर्षी मी आणि माझा वर्गमित्र अझहर, आम्हा दोघांची विद्यार्थ्यांसाठीच्या एका ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये निवड झाली. घरी बसून काम करायचं, कोड सगळ्यांना खुला, आणि पुण्यातले एक सर आमचे मेंटॉर. आमच्या अख्ख्या कॉलेजातून दोघंच लागलो होतो. अझहरच्या अब्बांचं नांदेडच्या इतवाऱ्यात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, त्यांनी त्या दिवशी येईल त्या गिऱ्हाइकाला चहा पाजला.

आमचं टूल साधं होतं. वेबसाईट बनवणाऱ्याकडे कधीकधी खरा सर्व्हर तयार नसतो. तोवर काम अडू नये म्हणून हे टूल खोटी उत्तरं पाठवतं. याला एपीआय मॉक करणं म्हणतात. रुग्णाचा रिपोर्ट मागितला, तर आपण आधीच लिहून ठेवलेल्या खोट्या रिपोर्टांपैकी एक परत येतो. आपण लिहिलं नाही असं एक अक्षरही तिथून येऊ शकत नाही. ही एवढी गोष्ट कळली की पुढचं कळेल.

मराठी नमुने लिहायचं काम माझ्याकडे होतं. पॅथॉलॉजी लॅबचे चाळीस खोटे रिपोर्ट मी हातानं टाईप केले. नावं मनाची, गावं आपली... बिलोली, अर्धापूर, इस्लापूर.

एका सकाळी चाचणी घेताना एकेचाळिसावा रिपोर्ट आला.

"अनुसया नागनाथ सूर्यवंशी. वय ५७. लातूर. क्रिएटिनिन ९.४. हिमोग्लोबिन ६.२."

माझ्या आईचं नाव, आणि आकडे किडनी निकामी झालेल्या माणसाचे.

पहिल्यांदा रागच आला. ती फाईल बदलण्याची परवानगी तिघांनाच होती – मी, सर आणि अझहर. सरांना माझ्या आईचं नाव माहीत असायचं कारण नव्हतं. अझहर दोनदा लातूरला आमच्या घरी आला होता, आईच्या हातचं जेवला होता. शिवाय वय चुकलेलं. आई एक्कावन्न वर्षांची. म्हणजे कुणीतरी अंदाजानं लिहिलंय, हे मला तिथंच पक्कं वाटलं.

मी त्याला काही बोलले नाही, नोंद पुसली. दोन दिवसांनी परत आली. बदलांच्या इतिहासात बघितलं, तर शेवटचा बदल माझाच, नोंद पुसल्याचा. त्यानंतर कुणी हात लावलेला नव्हता. इतिहास मिटवता येतो, आणि अझहर त्यात माझ्यापेक्षा हुशार होता. मी परत पुसली.

तिसऱ्यांदा ती सरांसमोर आली. व्हिडिओ कॉलवर डेमो चालू होता, स्क्रीन माझा. सर म्हणाले, "एक रिपोर्ट मागवून दाखव." मी बटण दाबलं. आईचं नाव आलं. परत दाबलं, परत तेच. पाच वेळा. चाळीस सोडून तेच एक.

सर म्हणाले, "हे कोण आहेत?"

मला रडू फुटलं. "माझी आई आहे, सर. कुणीतरी मुद्दाम करून राहिलंय."

अझहर कॉलवरच होता. तो म्हणाला, "ज्योती, मी न्हाई केलं. काकूंच्या नावाची मस्करी करीन का मी?"

मी कॉल बंद केला. त्याला फोन केला नाही, भेटले नाही. रूमवर बसून सरांना लांबलचक मेल लिहिला, स्क्रीनचा फोटो जोडला. वय चुकलंय हाही मुद्दा घातला... त्याला माझ्या आईचं खरं वय माहीत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी अझहरची परवानगी काढून घेतली गेली. आठवड्याभरात त्याला मध्यावरच नापास करून प्रोग्रॅममधून बाहेर काढलं. कॉलेजात कारण पसरायला वेळ लागला नाही. मुली त्याच्या बाकावरून उठून दुसरीकडं बसायला लागल्या.

आणि ती नोंद परत आली नाही. एकदाही नाही. मला आणखी काय पुरावा हवा होता?

प्रोग्रॅम पूर्ण झाला, सर्टिफिकेट मिळालं, त्या जोरावर नोकरीही लागली. या सगळ्या काळात मी आईला रोज फोन करत होते. पाय सुजतात, दम लागतो, असं ती सांगायची. मी म्हणायचे, दिवसभर चुलीपुढं उभी राहतेस, दुसरं काय होणार? तीही हाव म्हणायची. तिला तपासून घे, असं मी एकदाही म्हटलं नाही. ते नाव, ते आकडे तीनदा डोळ्यांपुढं येऊनही नाही.

त्या डेमोनंतर पाच महिन्यांनी आई पोळ्या लाटता लाटता खाली कोसळली. मी लातूरला पोचले तोवर पप्पांनी लॅबमधून रिपोर्ट आणला होता. दवाखान्याच्या जिन्यात उभ्यानंच मी तो उघडला.

क्रिएटिनिन ९.४. हिमोग्लोबिन ६.२. वय ५७.

मी पप्पांना विचारलं, "वय सत्तावन्न कुणी सांगितलं?"

"मीच. काउंटरवरची पोरगी घाई करून राहिली होती. तोंडात आलं ते सांगितलं." ते माझ्याकडं बघत राहिले. "का गं? त्यानं काही बिघडतंय का?"

मी मोबाईलवर तो जुना मेल उघडला. अझहरच्या विरुद्ध जोडलेला फोटो आणि हातातला कागद शेजारी धरले. कितीही वेळा बघितलं तरी तेच. पप्पांच्या तोंडून काउंटरवर घाईत निघालेला चुकीचा आकडासुद्धा पाच महिने आधीच तिथं होता.

डॉक्टर म्हणाले, "किडन्या जवळपास गेल्यात. चार-पाच महिने आधी आणलं असतं तर औषधांवर बराच काळ निभावलं असतं." पप्पांनी मान डोलावली. मला मात्र त्या महिन्यांची गणती करावी लागली नाही.

आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. मेस बंद आहे.

मी सरांना सगळं लिहिलं, दोन्ही फोटो पाठवले. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. आईला बरं वाटो, आणि प्रोग्रॅम संपला आहे, आता निकाल बदलता येणार नाही. त्यांना मी दोष देत नाही. बदलायचं म्हटलं असतं तर कारण काय लिहिणार होते ते?

मग इतवाऱ्यात गेले. अझहर दुकानात मशीन उघडून बसला होता. नोकरीच्या एका मुलाखतीत त्याला प्रोग्रॅम अर्धवट का सुटला असं विचारलं, त्यानंतर त्यानं कुठं अर्जच केला नाही, हे मला वर्गातल्यांकडून कळलं होतं. मी कागद आणि मोबाईल त्याच्यापुढं ठेवला. हात पुसून त्यानं दोन्ही बराच वेळ बघितलं.

"म्हणजे मी केलं न्हाई, हे आता पटलं तुला."

"हाव."

"कागद बघून पटलं. मी तोंडानं सांगितलं होतं तेव्हा न्हाई पटलं."

मी माफी मागितली. त्यानं ऐकून घेतली. आई कशी आहे ते विचारलं, मी सांगितलं. मशीनचा एक स्क्रू फिरवत तो खाली बघूनच म्हणाला, "मला काढलं म्हणून ते बंद झालं असं तुला वाटलं. मला वाटतं, ते तीनदा सांगून दमलं. ज्याला ऐकायचंच न्हाई त्याला किती वेळा सांगणार?"

मी निघाले तेव्हा त्यानं वर बघितलं नाही.

लोकांनी मला खूप कारणं सुचवली आहेत. व्हायरस, जुनी साठवलेली प्रत, योगायोग. कोड खुला आहे, मी तो ओळीनं ओळ तपासलाय, दुसऱ्यांकडूनही तपासून घेतलाय. ती नोंद कुठून आली, हे आजवर कुणाला सापडलं नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा... मी वाचीन. फक्त ‘असं होऊच शकत नाही’ एवढं लिहू नका. तेच मी तेव्हा म्हटलं होतं, आणि तेवढ्यावर एका माणसाला खोटं ठरवलं होतं.