जावयाचा अजिंक्य राजा

मी एकदा सलग सात लढाया जिंकलो होतो. आमच्या घरात ही गोष्ट नेहमी आठव्या लढाईपासून सांगतात, म्हणून या वेळी मीच पहिलीपासून सांगायला घेतली आहे.

लग्नाला वर्ष झालं होतं. अकोल्याला मी शाळेत गणित शिकवायचो आणि उरलेल्या वेळात एक खेळ तयार करत होतो. बायकोच्या शिवणयंत्राची रिकामी लाकडी रिळं रंगवून मी दोन सेना उभ्या केल्या होत्या, एक लाल, एक निळी. प्रत्येकीत एक राजा, दोन ढालकरी, एक तिरंदाज, एक मांत्रिक आणि एक वैद्य. मांजरपाटाच्या कापडावर शंभर घरं आखलेली, मधोमध गड, गडावर राक्षस. त्याच्या शेजारी जो थांबेल त्याला तो खायचा, लाल-निळं बघायचा नाही. एकाने चाल करायची, मग दुसऱ्याने. फासे नाहीत, कवड्या नाहीत. राजा पडला की खेळ संपला, पण बाकी कुणी पडलं तर शेजारच्या घरातला वैद्य त्याला उठवणार. बुद्धिबळात वैद्य नाही ही उणीव इतक्या पिढ्यांत कुणाच्या लक्षात आली नाही आणि माझ्या आली, याचा मला तेव्हा भारी अभिमान होता.

अमरावतीच्या एका छापखानेवाल्याला मी हा खेळ छापायला तयार केलं होतं. नियमांचा कागद त्यांनी शिशाच्या अक्षर-खिळ्यांत जुळवायलाही घेतला होता. पण माणूस सावध. म्हणाले, "मास्तर, खेळ खरंच रंगते का, ते बुधवारी छातीवर हात ठेवून सांगा. मंग छापू."

इथे माझी पंचाईत होती. तोवर मी फक्त बायकोशी खेळलो होतो, आणि ती दर तिसऱ्या चालीला भात बघायला उठायची.

त्या वर्षी अधिक महिना नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं तसा मी बायकोला आणि रिळांच्या पिशवीला घेऊन सासुरवाडीला, अमरावतीला, हजर झालो. सासरे नावाजलेले वकील, दोन्ही मेहुणे कॉलेजात. असे प्रतिस्पर्धी अकोल्यात कुठे मिळणार?

दोन दिवसांत सात डाव झाले आणि सातही मी जिंकले. थोरल्या मेहुण्याचा मांत्रिक माझ्यापर्यंत यायचा आणि जांभई आल्यासारखा वळायचा. धाकट्याने आपला राजा स्वतःहून राक्षसाच्या शेजारी नेऊन ठेवला. सासरे तर कोर्टात समोरच्या वकिलाचा घाम काढणारे, पण माझ्यापुढे अकराव्या चालीत शरण आले. मी तेहतीस अनारशांच्या ताटासमोर बसून त्यांना डावपेच समजावत होतो. तेही मान डोलवत ऐकत होते. आज आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी प्यायला आत गेलो, तर स्वयंपाकघरात सासूबाई थोरल्याला फैलावर घेत होत्या.

"अक्कल हाये का तुले? धोंड्याच्या महिन्यात जवाई म्हणजे नारायण. त्यायले आपण वाण देऊन राहिलो, अन् तू त्यायच्या राजावर बाण रोखून राहिला!"

"आई, दोऱ्याचं रीळ हाये व ते!"

"रीळ असो का राजा असो. महिना सरेपर्यंत या घरात जवायाचं काही मरणार नाही."

मी तसाच तहानलेला मागे फिरलो. पराक्रम गेल्याचं दुःख झालं, नाही असं नाही. पण त्याहून मोठी धास्ती बुधवारची होती. मंगळवार उजाडला होता, आणि माझा खेळ अजून एकदाही कुणी जिंकायच्या इराद्याने खेळलं नव्हतं!

सासऱ्यांना ओसरीवर गाठून सगळं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली.

"हुकूम मोडता येत नाही, जवाईबापू. अपील करायले वरचं कोर्टच नाही. पण वाट काढता येते." मग त्यांनी आत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "आजपासून लाल सेना माझी. लाल राजा माझा. जवाईबापू फक्त माझे वकील, माझ्या वतीनं चाल करतीन. अशील हरला तर वकिलाले काही होत नसते. माझे इतके हरले, मले काही झालं का?"

मग सासूबाई तांदळाचं सूप घेऊन दारात येऊन बसल्या.

"यायचाच राजा असंन, तर मले काई अधिक महिना आडवा येत नाही," त्या लेकीला म्हणाल्या. जावयाशी त्या थेट बोलत नसत. "निळे माह्याकडे. मी सांगते, तू हालव. अन् त्यायले म्हण, सांभाळा."

सातही डाव त्यांनी त्याच दारातून पाहिले होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी घाई म्हणून केली नाही. तांदूळ निवडता निवडता दोन ढालकरी पुढे धाडले आणि वैद्य त्यांच्या पाठीशी बसवला. मी एक ढालकरी पाडला. "उठव," त्या म्हणाल्या. बायकोने रीळ उभं केलं. मी पुन्हा पाडला. "उठव."

चौथ्यांदा मी म्हणालो, "असं कितीदा उठवणार?"

"इचार त्यायले, कितीदा ते लिवलं हाये का?"

सासऱ्यांनी चष्मा लावून माझा नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "लिहिलेलं नाही. अन् मनाई नाही म्हणजे मुभा आहे," त्यांनी निकाल दिला, स्वतःच्याच राजाविरुद्ध.

न मरणारे ते दोन ढालकरी माझ्या सेनेतून चालत आले. मांत्रिक गेला, तिरंदाज गेला, माझ्या वैद्याला त्यांनी राक्षसाच्या तोंडी ढकललं, आणि तांदूळ निवडून व्हायच्या आत माझ्या सख्ख्या बायकोने लाल राजा आडवा केला. मेहुणे नाचायचेच बाकी होते. "आता मी!" म्हणत थोरला समोर येऊन बसला, आणि पहिल्यांदाच त्याचा मांत्रिक मला बघून वळला नाही.

संध्याकाळपर्यंत मी पाच डाव हरलो. वैद्याने एका सैनिकाला एकदाच उठवायचं असं ठरलं, तशी सासूबाईंनी राक्षसाच्या नियमातली फट शोधली. तीही बुजवली. पुढचा डाव मात्र असा अडला की जेवणाची ताटं झाली तरी कुणाला उठवेना. मांजरपाट तसाच पसरून ठेवावा लागला.

बुधवारी सकाळी छापखान्यात गेलो. नियमांचा कागद जुळून तयार होता. मी म्हणालो, "मोडा. छापायचं दिवाळीनंतर बघू."

"काहून? खेळ रंगत नाही का?"

मी छातीवर हात ठेवला. "कालपासून रंगायला लागला आहे. पण नियम पुन्हा लिहावे लागतील. सासूबाईंचं अजून वाचून व्हायचं आहे."

ते हसले आणि जुळवलेले खिळे एकेक करून खणात टाकू लागले. मी ऊन चढायच्या आत मेहुण्याची सायकल हाणत परत निघालो. माझी चाल बाकी होती.