भरमाण्णाचा दिवसाचा दिवा

भरमाण्णा दिसायचा नाही. देवानं त्याला नाक, डोळे, मिशी सगळं माणसासारखं दिलं होतं, पण कुणाच्या नजरेला तो लागायचाच नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी ह्याच्या डाव्या अंगाला भात घालून थेट उजव्या अंगाला जायचा, आणि गडी कोऱ्या पत्रावळीपुढं हात धुऊन बसलेला. स्वतःच्या हळदीला पोरी नवरदेव हुडकत आतबाहेर पळत होत्या, तेव्हा हा पाटावर बसून "हितं हाय वो, हितं हाय" म्हणत होता.

पंगतीत उपाशी राहून कुणी मरत नाही. अळणावर-धारवाड रस्त्यावर न दिसणं मात्र वाईट. रोज सकाळी मोटरसायकलला दोन्ही अंगांनी कॅन लटकवून भरमाण्णा धारवाडला जायचा, मळमड्डीत दूध घालायला. गाडी काळी, जर्किन मातकट, आणि भरमाण्णा त्या दोन्हींच्या मधल्या रंगाचा. समोरून उसाचा ट्रॅक्टर रस्ता आपल्या बापाचा असल्यागत यायचा आणि भरमाण्णा गाडी, कॅन, मिशीसकट बाजूच्या चरीत. ड्रायव्हर वरूनच ओरडायचा, "काणलिल्ल री अण्णा! दिसलाच न्हाईसा!"

तिसऱ्यांदा दुधानं न्हाऊन घरी आला, तेव्हा बायको शेवंता दारातच उभी होती.

"हे बगा, आता जर का चरीत गेलासा, तर गाडी माझ्या मयूरला देऊन टाकणार. तुमी बसनं जावा."

"कंडक्टर कॅन चढवू देतोय काय?"

"तुमी बसलेलं त्याला दिसत न्हाई, कॅन कशाला दिसतील?"

मयूर हा तिचा धाकटा भाऊ. त्याचा डोळा गाडीवर होताच. "भाऊजी, बरं हाय न्हवं?" असं विचारताना तो आधी टायर दाबून बघायचा. भरमाण्णाला मात्र घाम फुटला. साऱ्या जगात पहिल्या हाकेला ओ देणारी ही एकच गाडी होती. एक किक मारली की चालू. बाकी घरातसुद्धा चार हाका माराव्या लागायच्या.

तो हुबळीला गोकुळ रोडवर गेला. तिथं प्रभंजन नावाचा मेस्त्री. भरमाण्णा त्याच्यापुढं बराच वेळ उभा राहिला. शेवटी प्रभंजननं मान वर करून विचारलं, "ही गाडी कुणाची रे?"

"माझी."

"आयला! तू कवा आलास?"

सगळं ऐकून घेतल्यावर प्रभंजन म्हणाला, "अण्णा, तू दिसणं कठीण हाय. तुझी गाडी तरी दिसू दे. एलईडी घालूया. नव्या गाड्यांचा दिवा दिवसाबी पेटलेला असतोय, बघितलास न्हवं? भर उन्हातबी लांबनं डोळ्यात भरतोय."

जुन्या गाडीचा दिवा इंजिनच्या करंटवर चालायचा. नवा एलईडी त्यावर लावल्याबरोबर हिवताप आल्यागत थरथरायला लागला. प्रभंजननं नवी वायर ओढून दिवा बॅटरीवर घेतला, तेव्हा तो शांत झाला. भरमाण्णा समोर जाऊन उभा राहिला आणि टळटळीत दुपारी त्याचे डोळे दिपले.

"मी एवढा दिसणार?" त्यानं हळूच विचारलं.

दुसऱ्या दिवशी दिसला. पण दिवसा पेटलेला दिवा आपल्या माणसांना बघवत नाही. समोरून येणारा जो तो हात वर करून मूठ उघडमीट करायला लागला: दिवा चालू हाय, दिवा! बैलगाडीवाला, शाळेची बाई, म्हशीमागची म्हातारी, सगळे. उभ्या जन्मात भरमाण्णाला एवढ्या लोकांनी हात केला नव्हता. गडी हरखला. थांबून थांबून एकेकाला सांगत सुटला, "मुद्दाम लावलाय वो, दिसावं म्हणून!" मळमड्डीत दूध पोचलं तोवर निम्म्या घरांनी काळा चहा पिऊन तोंडं वाकडी केली होती.

मळमड्डीत आणखी तऱ्हा. जयतीर्थराव नावाचे एक रिटायर साहेब पातेलं घेऊन गेटवर उभे असायचे. दूध मापात पडेपर्यंत त्यांचा दुसरा हात गाडीच्या बटणावर. खट्.

"भरमाण्णा, याके री, दिवा कशाला? सूर्यनारायण काय रजेवर गेलाय? बॅटरी उतरंल की!"

भरमाण्णानं लावावा, पुढच्या गेटवर दुसऱ्यानं पुण्य म्हणून विझवावा. गाडीवर बसलेल्याला दिवसा आपला दिवा कुठला कळतोय? परत येताना दिवा विझलेलाच, आणि पुन्हा एक ट्रॅक्टर अंगावर आला. चर हातभर लांब राहिली. भरमाण्णा तसाच प्रभंजनकडं गेला आणि बटणच काढून घेतलं. किल्ली फिरवली की दिवा पेटणार, किल्ली काढली की विझणार. दुसऱ्या दिवशी जयतीर्थराव बराच वेळ हँडल चाचपत होते.

ह्यानंतर मात्र ट्रॅक्टर लांबूनच बाजूला व्हायला लागले. मयूरचा फोन आला, "भाऊजी, अजून पडला न्हाईसा?"

"न्हाई."

"असू दे, असू दे," मयूर म्हणाला.

मग आली अमावस्या. आपल्याकडं अमावस्येला गाडी धुऊन पूजा करायची रीत. शेवंतानं चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला झेंडूचा हार घातला. नवा दिवा म्हणून त्याला मान जास्त: ओल्या कुंकवाचा आख्खा पंजा तिनं काचेवर उठवला, मधल्या फटीही पातळ कुंकवानं भरून काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला माहेरी सोडायचं होतं. भरमाण्णा फडकं घेऊन दिव्यापाशी गेला.

"काय पुसता?"

"कुंकू. वाईच काच—"

"सकाळच्या पारी कुंकू पुसाय निगाला? माझ्या देखत? अवो, तुमी अजून जित्ता हायसा न्हवं?"

फडकं आपोआप खिशात गेलं.

थंडीचे दिवस. उजाडलं होतं, पण रस्त्यावर धुकं ताकासारखं पसरलेलं. त्यातून भरमाण्णाचा दिवा कुंकवाआडून लालभडक पेटलेला. समोरून उसाचा ट्रॅक्टर मधोमध येत होता. ड्रायव्हरला लाल दिवा दिसला. कुणीतरी मोटरसायकलवाला पुढं चाललाय, जाईल आपला, असं समजून तो निवांत राहिला. दिवा जवळ यायला लागला तसा त्याला वाटलं, हा मुद्दाम हळू करालाय. त्यानं हॉर्न बडवला.

"होगले मुंदक! हो की पुढं!"

"ऐकलीस?" भरमाण्णा मागं बसलेल्या शेवंताकडं वळून म्हणाला. "लांबनं दिसालोय त्याला."

अगदी शेवटच्या घटकेला ड्रायव्हरच्या लक्षात आलं की मागच्या दिव्याच्या वर मिशी आहे. त्यानं करकचून ब्रेक मारला, भरमाण्णानं हँडल वळवलं, आणि दोघं नवराबायको गाडीसकट चरीत. चिखल मऊ होता म्हणून हाडं राहिली.

आधी शेवंता उठली. "डोळं हाईत का भोकं?"

"अक्का, मागचा दिवा पुढं कुणी लावलाय? तुमी येतायसा का जातायसा, मला कसं कळायचं?"

"पुढचाच हाय त्यो! कुंकू हाय ते!"

"दिव्याला कुंकू?"

"मग काय तुझ्या कपाळाला लावू?"

बोलता बोलता तिची नजर दिव्यावर गेली. चिखलात आडव्या पडलेल्या गाडीवर तिचाच पंजा पाची बोटांनिशी लाल पेटला होता. शेवंतानं स्वतःचा तळवा उलटा करून बघितला. भरमाण्णा मिशीतला चिखल निपटायला लागला. अशा वेळी दुसरीकडं बघायची अक्कल त्याला होती.

ड्रायव्हरनं डोक्याचा टॉवेल काढला. "पुसू काय अक्का?"

"हात लावून बग! कुंकू पुसायचं नसतंय." तिनं जरा विचार केला. "पाणी घाल. देवाचं धुतलेलं चालतंय."

ड्रायव्हरनं ट्रॅक्टरवरचा पाण्याचा कॅन आणला आणि महादेवाच्या पिंडीवर घालावी तशी बारीक धार दिव्यावर धरली. कुंकू ओघळलं, आतला पांढरा उजेड फटकन डोळ्यांवर आला.

"हां!" तो डोळे चोळत म्हणाला. "आता येतायसा!"

माहेरच्या दारात मयूर उभाच होता. गाडीचा चिखल बघून त्याचं तोंड देव पावल्यागत झालं.

"अक्का, पडलासा काय? भाऊजी, चरीतच न्हवं?"

भरमाण्णा शब्दाचा पक्का. त्यानं मुकाट्यानं किल्ली काढून पुढं केली. मयूरचा हात तिथवर पोचायच्या आत शेवंतानं ती ओढून घेतली.

"ही चर धरायची न्हाई."

"का? चर ती चरच की!"

"ही माझी हुती," शेवंता म्हणाली आणि किल्ली परत नवऱ्याच्या खिशात कोंबली. "बगत काय हुबा ऱ्हायलास? पाय धुवायला पाणी आण."