दाणे घालण्याआधी

"स्वल्प थांबा," असं अण्णा म्हणायचे आणि दाण्यांचा डबा काखेत धरून हौदाच्या काठाशी नुसते उभे राहायचे. पाच मिनिटं, कधी दहा. मासे पायांपाशी गोळा होऊन पाणी घुसळत असायचे आणि हे गृहस्थ ढिम्म. भुकेल्याला असं ताटकळत ठेवणारा माणूस तुम्हाला कसा वाटेल? मलाही तसाच वाटला होता.

एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून मी पुण्याहून बंगळूरला आले आणि मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली ते एकटेच राहत. बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर काम करून निवृत्त झालेले. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथल्याच. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, आणि मी त्यांच्या मुलीएवढी असूनही ते मला अक्का म्हणायचे. त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द कानडी असे. माझ्या मराठीत दर तिसरा इंग्रजी आहे, हे त्यांनीच एकदा बोटांवर मोजून दाखवलं होतं.

मागच्या अंगणात त्यांनी स्वतः बांधलेला सिमेंटचा हौद होता. त्यात बावीस मासे. केशरी, पांढरे, एक जवळजवळ काळा. एकालाही नाव नव्हतं. "नाव ठेवलं की त्याच्याकडंच बघत बसतो माणूस," ते म्हणाले. "मग बाकीच्यांकडं कोण बघणार?"

आणि ते खरोखर सगळ्यांकडे बघायचे. कोण आला नाही, कोण तिरका पोहतोय, काल दाणा तोंडात घेऊन परत थुंकणारा आज कसा आहे. हे सगळं बघून झालं की डबा उघडायचा. पहिली चिमूट डाव्या कोपऱ्यात, धटिंगणांसाठी. ते तिकडे तुटून पडले की दुसरी चिमूट उजवीकडे, हळूच. तिथे एक फाटक्या पराचा मासा असायचा, नेहमी मागे राहणारा. "मोठ्यांना आधी कामाला लावायचं," ते डोळे मिचकावत सांगायचे. "कारखान्यातपण असंच की."

पाहुणे मासे बघायला येताना हमखास बन नाहीतर बिस्किटं आणत. अण्णा ती प्रेमानं हातात घेत, "बरं झालं, मलाच भूक लागली होती," म्हणत आणि सगळ्यांदेखत स्वतः खाऊन टाकत. नाही म्हणून कुणाला दुखावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण पावाचा एक कण कधी पाण्यात पडला नाही.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचं ऑपरेशन झालं. ती देवनहळ्ळीला राहायची. अण्णा आठवडाभर तिच्याकडे गेले आणि मासे माझ्यावर सोपवले. "सकाळी एकदा, एक चमचा. आणि आधी बघा, मग घाला. सरी?"

"सरी, ठीक आहे," मी म्हणाले. दिवसभर यंत्रांचे आकडे तपासणारी मी. एका चमच्याचं काय एवढं, असं मनात होतं.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ करत होते. मला त्यांची दया आली. एक चमचा घातला, मग दुसरा. संध्याकाळी पुन्हा तोंडं वर, म्हणून पुन्हा दोन. आदल्याच दिवशी दुपारी वीज गेली होती. ती आली, पण हवेचा पंप बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी गेले तर पाणी गढूळ, त्यावर कालचे दाणे फुगून तरंगत होते. आणि पाच मासे आडवे.

मी रडतच फोन केला. काय झालं ते ऐकून घेतलं आणि त्यांनी एकच विचारलं, "बाकीचे तोंड वर करून आहेत?"

"हो."

"ती भूक नाही अक्का. त्यांना श्वास मिळत नाही. पंप लावा. वरचे दाणे जाळीनं काढा. आणि बादली घ्या. हौदातलंच पाणी उचला, उंचावरून परत हौदात ओता. नळाचं पाणी नको, त्यात औषध असतं. मी येईतो थांबू नका."

मी ऑफिसला कळवलंही नाही. बादली भरायची, खांद्यापर्यंत उचलायची, ओतायची. किती वेळ गेला कळलं नाही. मधेच एक मासा माझ्यासमोर उलटा झाला. त्याच्याकडे बघत बसले असते तर बाकीचे गेले असते, म्हणून ओतत राहिले.

अण्णा फाटकातून आले ते सरळ मागे. चपलाही न काढता माझ्या हातातली बादली घेतली आणि ओतू लागले. बऱ्याच वेळानं मासे एकेक करून खाली गेले, आपल्या नेहमीच्या पाण्यात. तेव्हा त्यांनी बादली खाली ठेवली. मेलेले सहा मासे पपईच्या झाडाखाली पुरले. मी पायरीवर बसून होते. आता ते काय बोलतील, याची वाट बघत.

ते शेजारी येऊन बसले. "सोळा राहिले," म्हणाले. "ते तुम्ही ठेवले."

मी म्हणाले, "अण्णा, सहा मीच मारले."

"ते पण खरं," ते म्हणाले. "दोन्ही खरं आहे. चला, तुमची आंघोळ होऊ दे, मी उप्पीट करतो."

पुढचे चार दिवस त्यांनी माशांना काही घातलं नाही, पाणी निवळू दिलं. पाचव्या दिवशी सकाळी खालून हाक आली. गेले तर त्यांनी डबा माझ्या हातात दिला. मी हात मागे घेतला. "आज नाही घातलं तर तुम्ही कधीच घालणार नाही," ते म्हणाले, आणि स्वतः चार पावलं मागे सरकून उभे राहिले. मी इतका वेळ बघत राहिले की शेवटी तेच म्हणाले, "आता घाला की अक्का, त्यांची दुपार होईल!"

पुढे भावाभावांत वाटणी झाली आणि घर पाडायचं ठरलं. अण्णा मुलीकडे जाणार होते, तिसऱ्या मजल्यावर. तिथे हौद कुठला? देवनहळ्ळीच्या अलीकडे त्यांच्या एका जुन्या सोबत्याचं शेत होतं, त्यात तळं. मासे तिकडे न्यायचं ठरलं. प्रवासाआधी दोन दिवस माशांना उपाशी ठेवावं लागतं, नाहीतर पिशवीतलं पाणी खराब होतं. ते दोन दिवस अण्णा मागच्या अंगणात गेलेच नाहीत. ते दिसले की मासे वर यायचे, ते त्यांना बघवत नव्हतं. दोन्ही दिवस ते माझ्याकडे वर बसून होते. वर्तमानपत्र उघडं, पान तेच.

ते गेल्याला आता वर्ष होईल. मुलीकडे असतानाच, झोपेत गेले. मी भेटायला गेले तेव्हा तिनं मला त्यांचा अलीकडचा फोटो दाखवला, पण मला तो ओळखीचा वाटला नाही. माझे अण्णा मासे नेणाऱ्या त्या टेम्पोतले आहेत. ड्रायव्हरनं पुढे बसा म्हणून किती सांगितलं, पण ते मागे चढले आणि पाण्यानं फुगलेल्या पिशव्यांच्या मधे मांडी घालून बसले. गल्लीतले सगळे दारात आले होते. टेम्पो निघाला, सगळ्यांनी हात हलवले. अण्णांनी हलवला नाही. त्यांचे दोन्ही हात पिशव्यांवर होते आणि मान खाली, पाण्याकडे.