भुरका

आमच्या घरी दर रविवारी सकाळी कॉफी व्हायची. दुधात उकळलेली, जायफळ किसून घातलेली. ती बाबांसाठी. आई ती दोनदा गाळायची, कारण साय ओठाला लागली की बाबा कप फेकायचे. एकदा भिंतीवर फेकला, एकदा आईच्या पायांवर. पायांना फोड आले तेव्हा आईने शेजारणीला सांगितलं, पातेलं निसटलं. मी पाचवीत होते. त्याच आठवड्यात शाळेत ‘माय फादर’वर निबंध आला. बाबा वक्तशीर आहेत असं मी इंग्रजीत लिहिलं आणि बाईंनी मला स्टार दिला.

पिताना आवाज करायचा नाही, हा घरातला आणखी एक नियम. चहा असो, ताक असो, आमटी असो, आवाज झाला की पाठीत गुद्दा बसायचा. मी इतकं मुकाट प्यायला शिकले की पाहुणे म्हणायचे, “काय छान वळण लावलंय मुलीला!”

कॉलेज संपल्यावर मला मुंबईबाहेर गोखिवऱ्याला एका गाळ्यात नोकरी लागली. तिथे कॉफीच्या बिया भाजायचे. मुंबईत तेव्हा कॉफीची नवी दुकानं भराभर उघडत होती, आणि फोनवर इंग्रजी बोलायला कोणीतरी हवं होतं. कालपर्यंत चिकोरी घातलेली पूड पिणारी माणसं आता विचारायची, बिया कुठल्या डोंगरावरच्या, भाजून किती दिवस झाले. “लोकांना आता चव कळायला लागलीय,” मॅडम म्हणायच्या. त्या मालकीण, मूळच्या कुर्गच्या.

चव घेण्याचं काम एक वयस्क गृहस्थ करत. ते कायमचे गावी निघाले होते. “शिकलीस तर ती जागा तुझी,” मॅडम मला म्हणाल्या. पगार दुप्पट होता. तेवढ्या पैशात आईला घेऊन वेगळं राहता आलं असतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

कामाची रीत अशी: जाडसर दळलेल्या कॉफीवर उकळतं पाणी ओतायचं, वर साचलेला थर चमच्याने फोडायचा, वास घ्यायचा. मग चमचा ओठाला लावून असा जोरात भुरका मारायचा की कॉफी फवाऱ्यासारखी टाळूवर उडाली पाहिजे. मग थुंकायची. हळू प्यायलं तर खोड कळत नाही. मॅडमचा भुरका रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. माझ्या घशातून आवाजच निघेना. चमचा ओठाशी आला की पाठ आपोआप आखडायची.

पाकिटं भरणाऱ्या मावशी जवळच्या वटार गावच्या. त्या हसायच्या. “बाय गो, पानी पितेस का इख? वढ की जरा!”

म्हणून एका रविवारी मी घरी सराव केला. बाबा अंघोळीला गेले होते. पातेल्यात उरलेली कॉफी घेऊन मी ओट्याशी उभी राहिले आणि भुरका मारला. दुसरा मारला. तिसरा चांगला जमला. तो ऐकत बाबा टॉवेल गुंडाळून मागे उभे होते.

“कुत्र्यासारखं लपालपा प्यायला शिकवतात तिथे?”

त्यांनी ओट्यावरचं फुलपात्र उचललं आणि त्याची कड माझ्या तोंडावर हाणली. मग केस धरून डोकं फडताळावर आपटलं. दोनदा. आई धावत आली.

“अहो, तोंडावर नको! उद्या कामावर जायचंय तिला.”

ती एवढंच म्हणाली. बाबांनी तिलाही एक लगावली आणि कपडे घालायला गेले.

सोमवारी पाच पोती आली. टेम्पो दारात थांबवून ठेवला होता. आज माझी परीक्षा होती; मीच सांगायचं होतं, कुठली ठेवायची आणि कुठली परत पाठवायची. मॅडम समोर बसल्या. मी पाचही पोत्यांचे कप चाखले, अगदी हळू. पाचही कपांना एकच चव होती, खारट, लोखंडाची.

“काय मग?”

“कळत नाही.”

“ओठाला काय झालं?”

पातेलं निसटलं, हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं.

“तोंडात रक्त येतंय, मॅडम. बाबांनी मारलं.”

मावशींचा हात पाकिटावर थांबला. मॅडमनी माझा ओठ जवळून पाहिला. मग म्हणाल्या, “राहू दे. आज मी बघते. तुझं आपण उद्या घेऊ.”

“उद्याही मारतील. आजच घ्या.”

मी गार पाण्याने चार वेळा चूळ भरली. चमचा बुडवला आणि भुरका मारला. ओठ परत फाटला. दुसऱ्या कपाला डोळ्यांतून पाणी आलं. थुंकायच्या ग्लासात तांबडं मिसळलं. पाठ आखडली, तरी मी थांबले नाही. पाच झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“तिसरा,” मी म्हणाले. “भिजलेलं गोणपाट.”

मॅडमनी स्वतः चाखला, थुंकल्या आणि दाराकडे ओरडल्या, “तीन नंबर परत चढवा!” मग माझ्याकडे वळल्या. “एक तारखेपासून.”

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. मावशी पदर घेऊन मागे आल्या आणि माझी हनुवटी पुसू लागल्या. मी त्यांचा हात धरला.

“मावशी, वटारला भाड्याने खोली मिळेल? दोघींना.”