सिल्वासाचा तिसरा चॅम्पियन

सिल्वासातल्या आमच्या कुस्तीच्या पट्ट्याचे आजवर चार चॅम्पियन झाले. त्यातला तिसरा मी. वय चोपन्न, विषय भूगोल.

ही मातीतली कुस्ती नव्हे. टीव्हीवर दाखवतात तसली: रिंग, मुखवटे, आरडाओरडा आणि कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं. (ठरलेलं असतं म्हणून लागत नाही, असा माझाही समज होता!) ती आमच्याकडे सुरू केली माझ्या मेहुण्यानं, बापूनं. मूळचा शिरपूरचा, इथे धाग्याच्या कंपनीत मशीनवर. त्यानं कंपनीतले चार-सहा जण जमवले आणि माझ्या बायकोनं, सुनंदानं, जुन्या सोफ्याचं रेक्झिन अन् पितळी ताटली जोडून पट्टा शिवला. पहिला चॅम्पियन फोर्कलिफ्ट चालवायचा. तो गावी निघून गेला. दुसरा बापू. चौथाही बापूच. मध्ये जो खड्डा पडला, तो मी.

त्या रविवारी हॉल गच्च भरला होता. माइकवर मी. बापूसमोर उतरणार होता ‘काळा बिबट्या’, म्हणजे खानवेलचा जयेश. ऐन वेळी जयेशचा फोन आला, बस वाटेत बंद पडलीय.

बापूनं माझ्याकडे पाहिलं. मी मागे पाहिलं. मागे भिंत होती.

“दाजी, मुखवटा माझ्या पिशवीतच आहे.”

“बापू, मी शिक्षक आहे!”

“तोंड झाकलेलं राहील ना! मी हळूच उचलतो, हळूच आपटतो. तुम्ही फक्त पडून राहा. पडून राहता येतं ना?”

ते मात्र मला उत्तम येत होतं.

मुखवटा सुनंदानं गरम पाण्यात धुतल्यामुळे आटला होता. एका डोळ्याला भोक सापडलं, दुसऱ्याला शेवटपर्यंत नाही. चष्मा तर काढावाच लागला. तसाच चाचपडत रिंगमध्ये शिरलो आणि सगळा हॉल ओरडला, “बिबट्या! बिबट्या!” तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कुणी असं ओरडलं नव्हतं हो! डोकंच फिरलं माझं. बापूनं हळूच आपटलं, मी पडलोही. पण पडून राहिलो नाही. उठलो आणि कोपऱ्यातल्या खांबावर चढू लागलो!

“दाजी, कुठे चालले?” बापू दातांतल्या दातांत पुटपुटला.

“वरून उडी मारतो!”

“नका ना!”

वर पोचल्यावर कळलं, खाली फारच लांब आहे. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सुनंदाचा आवाज आला. तिनं माझे मोजे ओळखले होते.

“अहो! मणक्याचं दुखणं ना तुम्हाला? उतरा आधी!”

“आलो!” म्हणालो (सवय!), वळलो, आणि डोक्यावरच खाली आलो.

बापूला बाजूला होता आलं असतं. पट्टाही वाचला असता. पण तो धावत माझ्याखाली आला आणि त्यानं मला छातीवर झेललं. कडकन आवाज झाला. पंच म्हणजे कंपनीचा वॉचमन, शिस्तीचा माणूस. पाठ टेकलेली दिसली की तीनपर्यंत मोजायचं, एवढंच त्याला ठाऊक. “एक! दो! तीन!”

“दाजी,” खालून क्षीण आवाज आला, “जिंकलात. आता उठा.”

पट्टा माझ्या कमरेला बांधायला गेले, तर दोन टोकं एकमेकांना भेटेनात. शेवटी दोघांनी तो मागून ओढून धरला, तेव्हा कुठे माझा राज्याभिषेक झाला. मग तसाच, मुखवट्यासकट, रिक्षात बसलो. बापूचं डोकं माझ्या मांडीवर. त्याची बरगडी मोडली होती. दोन वर्षं जिवापाड जपलेला पट्टा गेला होता. आणि हा माणूस विचारत काय होता?

“दाजी, मान ठीक आहे ना तुमची?”

मी त्याचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. (रस्त्यात खड्डे होते, असं मी सुनंदाला सांगितलं.) आज वर्गात ताठ मानेनं नकाशा दाखवतो, ती मान बापूनं दिलेली आहे, हे मी एक दिवसही विसरत नाही.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, “कशानं झालं?”

“चॅम्पियनशिपची मॅच होती,” बापू विव्हळत, पण अभिमानानं म्हणाला. “हे नवे चॅम्पियन!”

डॉक्टरनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मधल्या भागात जरा जास्तच रेंगाळला, आणि कागदावर कारण लिहिलं: ‘अंगावर जड वस्तू पडली.’