वीस सामन्यांची अट

संघात त्याला सगळे खांब म्हणत. एक तर उंची तशी, शिवाय पहिल्याच वर्षी एका प्रशिक्षकानं वैतागून सुनावलं होतं, "तू नुसता गोलसमोर खांबासारखा उभा राहा, बाकी काही करू नकोस." त्यानं ते मनावर घेतलं आणि अकरा वर्षं त्या फुटबॉल क्लबच्या बचावफळीत उभा राहिला. नाक दोनदा मोडून घेतलं, डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पेपरात फोटो आला तोही गोल करणाऱ्याच्या फोटोत, कडेला, अर्धा कापलेला. त्याची त्याला कधी खंत वाटली नाही.

मग एका वाईट हंगामाच्या शेवटी क्लब खालच्या श्रेणीत घसरला. टीव्हीचे पैसे बंद झाले, जर्सीवर नाव लावणाऱ्या कंपनीनं हात वर केले. आठवड्याभरात मॅनेजरनं खेळाडूंना एकेक करून बोलवायला सुरुवात केली.

मॅनेजर गोड बोलणारा माणूस. टेबलावर पारदर्शक फोल्डरांची चळत, प्रत्येकावर एकेकाचा जर्सी नंबर.

"तुमच्या करारात अजून एक वर्ष आहे," तो म्हणाला. "पण या पगारात क्लब दिवाळीखोरीत जाईल, साहेब. आपण असं करू. पगार चाळीस टक्के कमी. त्याच्या बदल्यात पुढचं एक वर्ष वाढवून देतो. या हंगामात वीस सामने खेळलात की आपोआप लागू. आणि तुम्ही तर कधी तिसाच्या खाली आलेला नाहीत!"

खांब कागद घेऊन घरी आला. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. बारीक अक्षर वाचणं हा आपला धंदाच आहे, असं ती म्हणायची. तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"सामना मोजायचा तर सुरुवातीपासून खेळायला हवं, नाहीतर कमीत कमी पंचेचाळीस मिनिटं. बरं. पण कोण खेळणार हे कोण ठरवतं?"

"कोच."

"आणि कोचला पगार कोण देतं?"

"अगं, कोच म्हणजे आपला तो. तो खेळायचा तेव्हा बाहेरगावच्या सामन्यांना सात वर्षं एका खोलीत झोपलोय आम्ही. त्याच्या घोरण्यानं माझे कान गेलेत."

ती हसली नाही. म्हणाली, "मग सही नको करूस असं मी म्हणत नाही. फक्त विचारलं."

सही केली नाही तर काय होतं, ते त्यानं पाहिलं होतं. डाव्या बाजूनं खेळणाऱ्या एकानं, "माझा करार आहे तसाच राहील," असं ठणकावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याचं कपाट रिकामं झालं. भर दुपारी मागच्या मैदानात एकट्यानं सराव करायचा, असं फर्मान निघालं. तीन आठवडे तो माणूस उन्हात स्वतःशीच चेंडू खेळला आणि मग 'स्वखुशीनं' क्लब सोडून गेला. खांबाच्या घराचं कर्ज फिटायला अजून सहा वर्षं होती. त्यानं सही केली.

हंगाम सुरू झाला. गुडघा कुरकुरत होता, पण साथ देत होता. अकरा सामने उरले असताना त्याचे एकोणीस पुरे झाले होते. त्या शनिवारी सामन्याआधी फळ्यावर अकरा नावं लागली, त्यात त्याचं नव्हतं.

"जरा आराम दे गुडघ्याला," कोच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात, "नव्या पोरांना बघू दे जरा." तिसऱ्या आठवड्यात कोच समोरून येत होता. खांबाला पाहून त्यानं वाट बदलली. तेव्हा खांब सरळ त्याच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

"माझा गुडघा ठणठणीत आहे."

"माहीत आहे मला."

"मग?"

कोच शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला, सोडवत राहिला. शेवटी खाली बघूनच म्हणाला, "वरून फोन आला होता. तुला विसावा सामना खेळवायचा नाही म्हणून. माझाही करार जूनमध्येच संपतोय रे."

टेबल उलटं करावं असं खांबाला वाटलं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "वहिनी बऱ्या आहेत ना?" इतक्या वर्षांची सवय. बाहेर आल्यावर त्याला स्वतःचीच शिसारी आली.

खेळाडूंच्या संघटनेत त्यानं फोन लावला. तिकडच्या माणसानं नीट ऐकून घेतलं. "संघ निवडणं हा कोचचा अधिकार आहे. मुद्दाम बसवलं, हे सिद्ध करावं लागेल. कोच तसं लिहून देईल?"

"विचारतो," खांब म्हणाला.

विचारलं नाही. दोन दिवसांनी बायकोनं छेडलं, तेव्हा त्यानं सांगून टाकलं, "त्यानं लिहून दिलं तर त्याला उद्याच हाकलतील."

"त्यानं तुझ्या पोटावर पाय दिला, आणि तू त्याचं पोट सांभाळतोयस?"

"दोघांनी कशाला बुडायचं?"

ती उठून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. पाच मिनिटं उरली असताना कोचनं बाकावर बसलेल्या खांबाकडे बघून मान हलवली. तो आत गेला तशी सगळी गॅलरी उभी राहिली, टाळ्या, आरोळ्या. लोकांना वाटलं, किती मानानं निरोप देतायत. त्या पाच मिनिटांत त्याच्या वाट्याला एकच चेंडू आला. डोक्यानं त्यानं तो लांब उडवून लावला. टाळ्यांच्या त्या गर्दीत त्याची बायको तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती. सामना संपल्यावर कोचनं त्याला मिठी मारली, कानात म्हणाला, "एवढंच जमलं रे." खांबानं मिठी मारू दिली.

क्लबचं पत्र आलं, दोन ओळींचं. दुसऱ्या ओळीत पुढील वाटचालीस शुभेच्छा होत्या. त्याच महिन्यात कोचला दोन वर्षं वाढवून मिळाली. त्यानं पाठवलेला लांबलचक संदेश खांबानं दोनदा वाचला आणि उत्तर दिलं नाही.

चौतिसाव्या वर्षी, गुडघ्यावर टाके असलेल्या माणसाला दुसरा क्लब कुठून मिळणार? दोन ठिकाणी चाचणीला जाऊन आला, दोन्हीकडे डॉक्टरच्या खोलीपर्यंतच पोचला. आता तो शहराबाहेरच्या गोदामात पार्सलं वेगळी करतो. शनिवारी दुपारची, सामन्याच्या वेळची पाळी सहसा कुणालाच नको असते, ती तो मागून घेतो. घरी असलं की जवळच्या मैदानावरचा गलका खिडकीतून आत येतो. गोदामात पार्सलांच्या सरकत्या पट्ट्याच्या खडखडाटापुढं काही ऐकू येत नाही.