नऊ तास झोप आणि दोन एकर चिखल

गेल्या हंगामात मी एकदाच सलग नऊ तास झोपलो आणि त्या झोपेपायी आमचा दोन एकर ऊस रानातच उभा राहिला.

त्याआधी मला झोपच येत नसे. आम्ही राहतो सांगलीत, विश्रामबागेत. मिरजेच्या डॉक्टरांनी एक वही ठेवायला सांगितली: रोज किती तास झोपलात आणि झोप कशानं मोडली, ते लिहायचं. (चाळिशीनंतर पुन्हा गृहपाठ!) वर नियम: चारनंतर चहा बंद, नऊनंतर मोबाईल बंद. बायकोनं ते फारच मनावर घेतलं. जायफळाचं दूध, तळपायाला तेल आणि मोबाईल थेट कपाटात, पैठणीखाली!

"अगं, अण्णांचा फोन आला तर?"

"सकाळी बोला. अण्णा कुठं पळून चाललेत?"

अण्णा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार होऊन परतले, आता गावी ऊस करतात. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीला मी हौसेनं मोबाईल स्टार्टर बसवून दिला होता. सांगलीतून फोन लावला की गावात मोटार चालू, बंदही तशीच. फक्त तो माझ्याच नंबरचं ऐकतो आणि त्याच्या पेटीची किल्लीही माझ्याकडंच. (माझं ऐकणारं घराण्यातलं एकमेव यंत्र!)

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री दहाला यायची. संध्याकाळी अण्णांनी बजावलं, "वरच्या नव्या लागणीला दोनच तास पाणी दे, मग मोटार बंद कर. खालचा ऊस तोडायला उद्या टोळी येतीया. महिनाभर मागं लागलोय, तवा कुठं आपला नंबर लागलाय. खाली थेंब जाऊ देऊ नगंस!"

"काळजीच सोडा, अण्णा!"

मी स्टार्टर 'ऑटो'वर टाकला. लाईट आली की मोटार आपोआप चालू होणार होती. ती आपोआप बंद होत नाही, हे मला ठाऊक होतं. बाराला उठून फोन लावायचा बेत होता, पण जायफळापुढं माझं काही चाललं नाही.

सकाळी सहाला उठलो. अंग हलकं, मन प्रसन्न! वहीत झोकात लिहिलं: 'नऊ तास. झोप कशानंही मोडली नाही.' मग कपाट उघडलं. अण्णांचे सव्वीस मिस्ड कॉल!

गावी पोचलो तर उसात पोटरीभर चिखल. टोळीचा मुकादम बांधावर उभा होता.

"सुभेदार, ह्यात ट्रॅक्टर घालू का होडी?"

"आवं, चार दिस थांबा की!"

"वाळलं की सांगा. पुढच्या गावाला नंबर हाय."

टोळी निघाली. जन्मात कुणापुढं न वाकलेले अण्णा हात जोडून ट्रॉलीमागं चालत होते. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णा, चुकलंच माझं."

"झोप झाली न्हवं?"

"झाली."

"मग ब्येस!"

टोळी परत यायला अठरा दिवस लागले. तोवर उसाला तुरे आले आणि वजन घटलं. ऊस गेल्यावर अण्णा आमच्याकडं मुक्कामाला आले, माझी वही बराच वेळ वाचत बसले आणि दुसऱ्या दिवशी गावी परतले.

महिन्यानं तीच वही डॉक्टरांपुढं ठेवली. ते 'नऊ तास'वर थांबले.

"वा! पण खाली हे कुणाचं अक्षर?"

मी वाकून पाहिलं. 'झोप कशानं मोडली' या रकान्यात, माझ्या उत्तराखाली, ताठ फौजी अक्षर होतं: 'याची नाही. माझी. अठरा रात्री. कारण: हा.' खाली हुद्द्यासकट सही!

डॉक्टरांनी वही मिटली.

"तुम्ही ठणठणीत आहात. पुढच्या वेळी वडिलांना घेऊन या." मग जरा विचार करून म्हणाले, "नको. त्यांना एकट्यालाच पाठवा!"